सामन्याचे प्रेक्षक नेमके कुणाचे?

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतला एक कोर्टातला वाद तडजोडीने मिटला. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन ही दोन विद्यापीठं आपल्याच कॉन्फरन्सशी, म्हणजे एसीसी या विद्यापीठ-संघांच्या गटाशी, भांडत होती. आमचे (अमेरिकन) फुटबॉलचे सामने टीव्हीवर जास्त लोक बघतात, मग प्रक्षेपणाच्या पैशात आम्हाला वाटा इतरांइतकाच का, हे त्यांच्या तक्रारीचं मूळ. तडजोडीत असं ठरलं की टीव्हीच्या पैशातले ४० टक्के सगळ्यांना सारखे वाटायचे आणि ६० टक्के प्रेक्षकसंख्येनुसार. प्रेक्षकसंख्या धरायची ती पाच वर्षांच्या सरासरीने.

ज्याचे प्रेक्षक जास्त त्याला पैसे जास्त, हे ऐकायला रास्त वाटतं. पण सामना कुठलाही संघ एकटा खेळत नाही. नोव्हेंबर २०२३ मधला ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन हा सामना सुमारे १ कोटी ९० लाख लोकांनी पाहिला. त्यातले ओहायोचे किती आणि मिशिगनचे किती? दोन मोठ्या गायकांच्या जुगलबंदीला नाट्यगृह भरलं, तर कुणाच्या गळ्याने किती खुर्च्या भरल्या हे तिकीटखिडकीवरच्या गल्ल्यावरून सांगता येत नाही. इथेही तसंच आहे. या प्रश्नाला गणितात एक देखणं उत्तर आहे आणि हा लेख त्या उत्तरासाठीच लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत खेळतात आणि प्रक्षेपणाचे हक्क गट म्हणून एकत्र विकतात. १९८४ पर्यंत हे हक्क एनसीएए या मध्यवर्ती संस्थेच्या मुठीत होते. त्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या बाजूने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला आणि ती मक्तेदारी संपली. तेव्हापासून जास्त पैसा मिळेल त्या गटात जाण्याची चढाओढ सुरू आहे. आयपीएलमध्ये हा पेच येत नाही, कारण तिथे संघाला सोडून जायला दुसरी लीगच नाही.

मधल्या काळात हिशेब केबलचा होता. बिग टेन या गटाने २००७ मध्ये स्वतःची वाहिनी काढली. गटातलं विद्यापीठ ज्या राज्यात आहे, तिथल्या केबल ग्राहकामागे वाहिनीला कितीतरी जास्त शुल्क मिळायचं, मग तो ग्राहक सामना बघो वा न बघो. म्हणून २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स गटात आले. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना रटगर्स चांगलंच ठाऊक असेल. फुटबॉलमध्ये ते काही बलाढ्य नव्हतं, पण न्यूयॉर्क परिसरातली लाखो केबलची घरं त्याच्यामुळे हिशेबात आली. पुढे लोक केबल तोडू लागले आणि किती घरांत जोडणी आहे यापेक्षा प्रत्यक्षात किती डोळे पडद्यावर आहेत याला भाव आला.

हे डोळे मोजते नील्सन ही कंपनी. तिच्या पॅनेलमध्ये सुमारे ४० हजार घरं आणि साधारण एक लाख माणसं आहेत. २०२५ च्या शरदापासून या पॅनेलला सेट-टॉप बॉक्स आणि स्मार्ट टीव्हींमधून येणाऱ्या माहितीची जोड मिळाली आहे. आपल्याकडे 'बार्क' पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर बसवून टीआरपी काढते, त्याच जातीची ही पद्धत. नमुन्यात 'n' इतकी माणसं मोजली तर अनिश्चितता साधारण n च्या वर्गमुळाइतकी असते. ओहायो-मिशिगनसारखा सामना पॅनेलमधली काही हजार माणसं बघतात, त्यामुळे त्या आकड्यातली चूक टक्का-दीड टक्क्याची. पण एखादा फुटकळ सामना पॅनेलमधल्या फक्त २०० जणांनी पाहिला, तर २०० चं वर्गमूळ १४, म्हणजे अनिश्चितता ७ टक्के. शंभरातल्या पंचाण्णव वेळा खात्री हवी असेल तर तीही दुप्पट धरायची.

आता मूळ गणिताकडे वळतो. लॉइड शॅप्ली या गणितज्ञाने १९५३ मध्ये असा प्रश्न घेतला की अनेकांनी मिळून काही मिळवलं, तर प्रत्येकाचा न्याय्य वाटा किती? त्यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांची रीत अशी. सगळे एकेक करून खोलीत येतात अशी कल्पना करा. प्रत्येक जण आल्यावर एकूण कमाई कितीने वाढली ते लिहून ठेवा. येण्याचे जितके क्रम शक्य आहेत ते सगळे तपासा आणि सरासरी काढा. ती सरासरी म्हणजे त्याचा वाटा.

क, ख आणि ग असे तीन संघ घेऊ. आकडे काल्पनिक आहेत. क-ख सामन्याला १०० लाख प्रेक्षक, क-ग ला ४० आणि ख-ग ला २०. एकूण १६०. तीन संघ येण्याचे क्रम सहा. दोन क्रमांत क सगळ्यांत आधी येतो. तेव्हा खेळायला समोर कुणीच नाही, म्हणून भर शून्य. एका क्रमात तो फक्त ख नंतर येतो, भर १००. एका क्रमात फक्त ग नंतर, भर ४०. उरलेल्या दोन क्रमांत तो शेवटी येतो आणि दोन्ही सामने घडवतो, भर प्रत्येकी १४०. बेरीज ४२०, भागिले ६, क चा वाटा ७०. याच रीतीने ख चा ६० आणि ग चा ३०. तिन्ही मिळून बरोबर १६०.

७० म्हणजे १०० आणि ४० यांच्या बेरजेचं निम्मं. हा योगायोग नाही. कमाई फक्त जोड्यांतून होत असेल, तर कितीही संघ घ्या, शॅप्ली वाटा म्हणजे आपल्या सर्व सामन्यांच्या प्रेक्षकांचा निम्मा हिस्सा. सहा क्रमांची (दहा संघ असतील तर छत्तीस लाखांहून जास्त क्रमांची) सरासरी शेवटी एका साध्या भागाकारावर येते. कारण कोणत्याही दोन संघांत निम्म्या क्रमांत एक नंतर येतो आणि निम्म्या क्रमांत दुसरा, आणि सामन्याचं श्रेय नंतर येणाऱ्याला मिळतं. पहिल्यांदा हे उलगडलं तेव्हा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

पुढचा निष्कर्ष आणखी महत्त्वाचा. क चा वाटा ७०, पण क निघून गेला तर गटाचं नुकसान १४०, कारण त्याचे दोन्ही सामने समूळ जातात. जाणारा संघ आपल्या वाट्याबरोबर प्रतिस्पर्ध्यांचा निम्मा हिस्साही घेऊन जातो. प्रत्यक्षात रिकाम्या तारखा दुसऱ्या सामन्यांनी भरल्या जातात, त्यामुळे खड्डा थोडा बुजतो, पण पूर्ण नाही.

पॅक-१२ या पश्चिम किनाऱ्यावरच्या गटाचं हेच झालं. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जाणार असं जाहीर केलं. बाकीच्यांची लॉस एंजेलिसशी होणारी प्रत्येक लढत एका दिवसात हिशेबातून गेली आणि उरलेल्या गटाला बरा करार मिळेना. जुलै २०२३ मध्ये कोलोराडो निघालं. ४ ऑगस्टला ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे गेले, तेही कमी वाट्यावर. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ या दुसऱ्या गटात गेले. सप्टेंबरात स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया (बर्कली) यांनी एसीसी गाठली. १९१५ पर्यंत मुळं जाणाऱ्या गटात बारापैकी दोन विद्यापीठं उरली. डलासच्या एसएमयूने तर एसीसीत प्रवेशासाठी नऊ वर्षांचा टीव्हीचा पैसा सोडला. बड्या संघांशी जोड्या जुळतात, एवढ्यासाठी.

प्रत्यक्षातल्या आकड्यांत आणखी एक मोठी गुंतागुंत आहे. सामन्याची वेळ आणि वाहिनी चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. वाहिन्या बऱ्याचदा फक्त १२ दिवस आधी, कधी ६ दिवस आधी, सामने निवडतात आणि तगडी जोडी मोक्याच्या वेळेला घेतात. मग प्रेक्षक संघामुळे आले की वेळेमुळे? वेळ, वाहिनी आणि दोन्ही संघ यांचे परिणाम एकाच समीकरणात घालून वेगळे करावे लागतात, आणि बहुधा प्रेक्षकसंख्येचा लॉगॅरिदम घेऊन, कारण हे परिणाम बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतात. पण दुबळा संघ मोक्याच्या वेळेला जवळजवळ खेळतच नसेल, तर समीकरणाला तुलनेला काही मिळत नाही आणि उत्तर डळमळीत राहतं.

म्हणूनच 'अमुक विद्यापीठाची किंमत इतके कोटी डॉलर' असे जे तक्ते फिरतात, त्यांना माझा ठाम आक्षेप आहे. आपल्याकडे आयपीएलच्या आधी अंकज्योतिषी टीव्हीवर निकाल सांगतात, ते निखालस थोतांड. हे तक्ते थोतांड नाहीत, त्यामागे खरी मोजणी असते. पण अनिश्चितता गाळून दिलेला आकडा वाचकाची फसवणूकच करतो.

गट फुगवण्यालाही मर्यादा आहे. बिग टेनमध्ये आता १८ संघ आहेत. त्यांच्या शक्य जोड्या १५३. प्रत्येक संघ गटात ९ सामने खेळतो, म्हणजे वर्षाला सामने ८१. जवळजवळ निम्म्या जोड्या त्या वर्षी जमतच नाहीत. त्यामुळे कोणता संघ घेतला याइतकंच कोणती जोडी दरवर्षी खेळवली हेही मोलाचं ठरतं. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम ही जुनी लढत ए अँड एमच्या गटबदलामुळे २०११ नंतर बंद पडली होती. दोघं एसईसी या गटात पुन्हा एकत्र आले, तेव्हा ३० नोव्हेंबर २०२४ ला ए अँड एमच्या गावी, कॉलेज स्टेशनच्या मैदानात, ती परत रंगली. टेक्सासने १७-७ अशी जिंकली. ऑगस्ट २०२५ मध्ये एसईसीने आपल्या १६ संघांसाठी २०२६ पासून गटातले सामने आठवरून नऊ केले आणि प्रत्येक संघाचे तीन प्रतिस्पर्धी दरवर्षीसाठी पक्के करायचं ठरवलं. उरलेले सहा आळीपाळीने.