जाहिरातीतील दिव्यांग प्रतिमा (कोल्हापूर)

दुकान, वस्तू किंवा सेवा यांच्या जाहिरातीत दिव्यांग माणूस कोण म्हणून दिसतो, गिऱ्हाईक, विक्रेता, नवरी की मदत घेणारा, या प्रश्नाभोवती हा विषय उभा आहे. त्याला लागूनच सौंदर्याच्या रूढ चौकटीचा प्रश्न येतो. मराठी वधू-वर जाहिरातींनी ही चौकट तीन शब्दांत पक्की केली : गोरी, सडपातळ, निर्व्यंग. ‘किंचित व्यंग चालेल’ ही तिथली सवलत. म्हणजे व्यंग हा मालातला दोष आणि तो भावात धरायचा. आपले शरीर लपवावेसे न वाटणे, म्हणजे स्वस्वीकार, ही या विषयाची तिसरी बाजू.

कोल्हापुरात देखणेपणाची कल्पना दोन ठिकाणी घडली. पुरुषांची तालमीत आणि खासबाग कुस्ती मैदानाच्या लाल मातीत : रुंद छाती, पिळदार दंड. बायकांची चित्रफलकावर. बाबूराव पेंटर यांनी 1917 साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, त्यासोबत हाताने रंगवलेल्या पोस्टरांची परंपरा इथे रुजली आणि पुढे जी. कांबळे यांच्यासारख्या चित्रकारांनी ती वाढवली. नऊवारी, कोल्हापुरी साज आणि ताठ उभी राहिलेली भरदार आकृती हा तिचा ठसा गुजरीतल्या सराफांच्या आणि महाद्वार रोडवरच्या साडी दुकानांच्या जाहिरातींवर अजून आहे. त्यात बसलेली बाई असलीच तर पाटावर नाहीतर झोपाळ्यावर असते, चाकाच्या खुर्चीत नसते. साज गळ्यात घालतात. त्याला पाय चालते असण्याशी काही देणेघेणे नाही, हे साधे कारण इथे कुणाला फारसे सुचलेले दिसत नाही. खरे तर या शहराला चाकाची खुर्ची नवी नाही. स्वतः खुर्ची वापरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था 1984 मध्ये इथेच उभी केली.

फ्लेक्सच्या फलकाला कोल्हापुरात सरसकट ‘डिजिटल’ म्हणतात. दिव्यांग व्यक्ती डिजिटलवर झळकते ती बहुधा तीनचाकी सायकल वाटप किंवा जयपूर फूट (कृत्रिम पाय) शिबिराच्या निमित्ताने, नाहीतर 3 डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला. रचना ठरलेली असते : वर हात जोडलेले नेते, कडेने कार्यकर्त्यांच्या फोटोंची रांग आणि खालच्या कोपऱ्यात सायकल स्वीकारणारा, बिननावाचा माणूस. हा दयेचा साचा झाला. त्याच्या उलट टोकाला कौतुकाचा साचा आहे : ‘अपंगत्वावर मात’, ‘जिद्दीला सलाम’. ऑस्ट्रेलियातील दिव्यांग कार्यकर्त्या स्टेला यंग यांनी 2012 मध्ये या दुसऱ्या साच्यावर कडाडून टीका केली. रोजचे साधे जगणेसुद्धा शौर्य म्हणून दाखवायचे आणि पाहणाऱ्याने ‘माझे बरे आहे’ म्हणून सुस्कारा टाकायचा, असा त्यांचा आक्षेप होता. दोन्ही साच्यांत जाहिरात दिव्यांग माणसासाठी नसते, त्याच्याकडे बघणाऱ्यासाठी असते.

चित्रीकरणातली पहिली चूक कॅमेऱ्याच्या उंचीची. छायाचित्रकार उभा राहून खाली रोखतो, तर खुर्चीतल्या माणसाची नजर साधारण पावणेचार फुटांवर असते. वरून टिपलेल्या चौकटीत डोके मोठे, धड आखूड आणि डोळे वर लागलेले, त्यामुळे चेहरा न सांगता याचना करतो. ट्रायपॉड त्या नजरेइतका खाली आणला की निम्मे काम होते. दुसरी चूक म्हणजे चालत्या मॉडेलला भाड्याच्या खुर्चीत बसवणे. दवाखान्यातली घडीची खुर्ची रुंद असते, पाय ठेवायचे टेकू बसणाऱ्याच्या मापाचे नसतात, गुडघे वर येतात. रोज खुर्ची वापरणाऱ्याला हे सोंग क्षणात ओळखू येते. खुर्ची स्वतः चालवणाऱ्या माणसाच्या मागे हँडल धरून कुणाला उभे करण्याचेही कारण नाही.

साडीच्या चित्रणात आणखी बारकावे आहेत. उभ्या बाईच्या हिशेबाने मिऱ्या घातल्या तर बसल्यावर मांडीवर कापडाचा गठ्ठा होतो. त्या कमी आणि चपट्या हव्यात. आधीच मिऱ्या शिवलेली साडी सोपी पडते. पाठीमागे मोकळा सोडलेला पदर चाकाच्या आऱ्यांत जातो, म्हणून तो पुढे घेऊन खोचावा. मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीला कमरेखाली संवेदना नसेल तर टोचलेली पिन किंवा रुतलेला जरीचा काठ कळतच नाही आणि जखम होते. पिना कमरेच्या वरच लावाव्यात, बुडाखाली घडी राहू देऊ नये आणि दर 15 ते 30 मिनिटांनी अंगाचा भार हलवायला थांबावे. इजा मानेजवळ किंवा पाठीच्या वरच्या भागात असेल तर घाम नीट येत नाही, त्यामुळे मोठ्या दिव्यांखाली अंग लवकर तापते. पंखा आणि पाणी हाताशी लागते.

कोड, भाजल्याचे व्रण यांचा घात मात्र संगणकावर होतो. डिझायनर सवयीने त्वचा गुळगुळीत करतो, रंग उजळवतो, आणि ज्या चेहऱ्यासाठी सगळा खटाटोप केला तो चेहराच पुसला जातो. फाइल देतानाच ‘त्वचेला हात लावू नये’ असे लिहून द्यावे. कोडाच्या डागांचे चित्रण करताना एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) डागाच्या उजळ भागावरून ठरवावे, नाहीतर तो भाग पांढराफटक पडतो आणि कडा हरवतात. कोड संसर्गाने पसरत नाही. तरीही मेकअपचे ब्रश अचानक वेगळे ठेवले जातात, आणि ते त्या व्यक्तीच्या नजरेतून सुटत नाही. कानामागचे श्रवणयंत्र चौकातल्या फलकावर लांबून दिसत नाही; दाखवायचे तर चेहरा बाजूने घ्यावा आणि केस मागे सारावेत. रीलमध्ये कर्णबधिरांची सांकेतिक भाषा असेल तर डोक्यापासून कमरेपर्यंतचा भाग चौकटीत राहावा आणि बोटे कापली जाऊ नयेत. सदरा एकरंगी, हातांच्या रंगाहून वेगळा असावा. मजकुराच्या ओळी अगदी तळाशी ठेवल्या तर मोबाइलवरची बटणे त्यांवर येतात.

ठळक उदाहरणे कोल्हापूरबाहेरची आहेत. धावपटू एमी मुलिन्स या लंडनमध्ये फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या 1999 च्या वस्त्रसंग्रहासाठी कोरीव लाकडी कृत्रिम पायांवर चालल्या. भारतात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी अगरवाल 2016 मध्ये एका वस्त्र-ब्रँडचा चेहरा झाल्या.

कायद्याची बाजू अलीकडे भक्कम झाली आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार धरले आहेत (1995 च्या कायद्यात 7 होते). त्यांत ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि बुटक्या चणीच्या व्यक्ती येतात, कोड येत नाही. कलम 92 नुसार दिव्यांग व्यक्तीचा लोकांदेखत जाणूनबुजून पाणउतारा केल्यास सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. 8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, चित्रपटातील दिव्यांगांच्या चित्रणाविरुद्धच्या निपुण मल्होत्रा प्रकरणात, दृश्य माध्यमांसाठी मार्गदर्शन केले : हीनवाचक शब्द टाळावेत, दिव्यांगांना केवळ दुबळे किंवा केवळ अलौकिक दाखवू नये, निर्मितीत त्यांचा सहभाग घ्यावा. मराठी मजकुरात ‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘खुर्चीला खिळलेला’ हे शब्द गाळले की वाक्य बहुधा सुधारतेच. ‘दिव्यांग’ या शब्दाबद्दलही एकमत नाही. काहींना ‘अपंग’ हाच प्रामाणिक वाटतो. ज्याचे चित्र आहे त्याला विचारून शब्द घ्यावा.

संमतीपत्रात फोटो कुठे लागणार, किती दिवस राहणार आणि काढून टाकायला सांगता येईल का, हे तिन्ही लिहावे. शिबिराच्या नोंदवहीवरची सही म्हणजे जाहिरातीची संमती नव्हे. नुकतेच अपंगत्व आलेली व्यक्ती फोटोला नाही म्हणाली तर तिने स्वतःला स्वीकारले नाही असा निष्कर्ष काढू नये. मानधन इतर मॉडेलइतकेच द्यावे. सोबत येणाऱ्या मदतनीसाचा खर्च वेगळा धरावा. येण्याजाण्याचे गाडीभाडे आणि शाल-श्रीफळ म्हणजे मानधन नाही.

फलक लावल्यावर गिऱ्हाईक येते, तेव्हा दुकान तपासावे लागते. 1:12 या प्रमाणाने, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी धरून, सहा इंची पायरीला सहा फूट लांब उतार हवा. जुन्या पेठेत तेवढी जागा दुकानापुढे नसते; मग तिरका वळवलेला किंवा उचलून मांडायचा उतार करतात, पण तो आखूड केला की चढताना खुर्ची मागे कलंडते. दार 90 सेंटिमीटर मोकळे लागते. सराफी दुकानात आरसाही पाहावा : उभ्या गिऱ्हाइकासाठी टांगलेल्या आरशात खुर्चीतल्या बाईला आपले कपाळ दिसते, गळ्यातला साज दिसत नाही.