मुलाच्या नावावरची ठेव, आई-बाबांचं रिटर्न: कुठे अडतं?

गेल्या जुलैत खानापूरच्या एक ताई प्लास्टिकच्या पिशवीत ठेवपावती घेऊन आल्या. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाच्या नावावर आजोबांनी ठेवलेली ठेव. वर्षाचं व्याज 52,000, त्यातून बँकेने 5,200 टीडीएस (व्याज देतानाच कापून घेतलेला कर) कापलेला, तोही मुलाच्या पॅनवर. ताई नोकरी करतात, पण त्यांच्या रिटर्नमध्ये ना व्याज, ना टीडीएस. "पैसे पोराचे आहेत हो, आमचे कुठे?"

कायदा तसं मानत नाही. मार्च 2026 पर्यंतच्या उत्पन्नाला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 64(1अ) प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाचं व्याज, लाभांश, म्युच्युअल फंडातला नफा हे सगळं आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरतात. ठेव आजोबांनी ठेवली की मामाने, यानं फरक पडत नाही. नवरा-बायकोचा घटस्फोट झाला असेल, तर मुलाला जो सांभाळतो त्याच्याकडे. कलम 80यू मध्ये बसणारं अपंगत्व असलेल्या मुलाचं उत्पन्न मात्र असं मिळवत नाहीत.

पोराने कुस्तीत बक्षीस मिळवलं, तर ते त्याचं स्वतःचं. तीच रक्कम ठेवीत टाकली, की व्याज पुन्हा पालकांकडे. इथे भले भले चुकतात. दुसरी चूक 1,500 रुपयांची: प्रत्येक मुलामागची ही सूट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी निवडलीत तर ती वजा करू नका.

आता खरी अडचण. व्याज तुमच्या रिटर्नमध्ये आणि टीडीएस मुलाच्या पॅनवर, असं झालं की परतावा अडकतो. यासाठी त्याच कायद्याखालचा नियम 37बीए आहे: व्याज कोणाच्या उत्पन्नात धरायचं, त्याचं नाव, पत्ता, पॅन आणि कारण लिहून बँकेला घोषणापत्र द्यायचं, मग बँक टीडीएस पालकाच्या पॅनवर दाखवते. हा कागद जवळजवळ कोणाकडेच नसतो. काउंटरवर "असलं काही नसतं" म्हणून परत पाठवतात, तेव्हा राग येतो. लेखी द्या, पोच घ्या. वर्ष उलटून गेलं असेल, तर रिटर्नचा आयटीआर-2 हा फॉर्म भरा: एसपीआय शेड्यूलमध्ये (दुसऱ्याचं उत्पन्न आपल्यात धरून दाखवायचा तक्ता) मुलाचं उत्पन्न आणि टीडीएसच्या रकान्यात 'दुसरी व्यक्ती' निवडून मुलाचा पॅन. आयटीआर-1 मध्ये दुसऱ्याच्या नावावरचा टीडीएस मागता येत नाही.

पतसंस्थेने टीडीएस कापला नाही म्हणून कर नाही, असं समजू नका. निपाणीची ठेव असो वा कोल्हापूरची, आयकर केंद्राचा. कर्नाटक-महाराष्ट्र सीमा इथे कामाची नाही. "पाच वर्षांनी ठेव सुटेल तेव्हा दाखवू" हेही महागात पडतं, कारण बँक व्याज दरवर्षी जमा धरते आणि टीडीएसही दरवर्षी कापते. सुकन्या समृद्धी आणि पीपीएफचं व्याज करमुक्त आहे, त्याची काळजी नको.

मुलाचा पॅन काढताना आधार आणि जन्मदाखला शेजारी ठेवा. आपल्याकडे सीमाभागात दाखला कन्नडमध्ये, आधारावर इंग्रजी स्पेलिंग वेगळं, आणि अर्ज तिथेच परत येतो. आधी आधार दुरुस्त करा, मग पॅन.

अठरावा वाढदिवस वर्षाच्या मधे आला, तर त्या दिवसापर्यंतचं उत्पन्न पालकांचं, पुढचं मुलाचं. त्याच आठवड्यात पॅनवर फोटो आणि सही चढवायला द्या आणि बँकेत केवायसी करून घ्या.