आधी पू, मग साखर

‘शुगर खाली आल्याशिवाय ऑपरेशन नको.’ मधुमेह असलेल्या घरात हे इतकं मुरलेलं असतं की तळपायात पू साचला तरी माणसं चार दिवस थांबतात. मोतीबिंदूला हा नियम ठीक आहे, पुवाला नाही. जंतुसंसर्गाने कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात, यकृत रक्तात साखर सोडत राहतं, पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत. पू आत आहे तोवर साखर हट्टच धरते. म्हणून इन्सुलिन चालू ठेवून आधी पू काढायचा.

घाई का, ते तळपायाच्या रचनेत आहे. टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड, न ताणणारा पडदा असतो आणि त्याच्या आत कप्पे. बोटं वाकवणारे लांब स्नायू पोटरीत असतात. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, घोट्याच्या आतल्या अंगाने वळून, नेफ्यातून नाडी जावी तशा, मधल्या कप्प्यातून बोटांकडे जातात. चिखल्यांच्या भेगेतून शिरलेले जंतू हीच वाट धरून उलटे पोटरीकडे चढतात. मधुमेहाने पाय बधिर असल्याने माणूस चालत राहतो आणि प्रत्येक पावलागणिक पू पुढे सरकतो. जाड पडद्यामुळे तळवा फारसा फुगत नाही. सूज आणि लाली दिसते पायाच्या वरच्या बाजूला. लेप तिथेच थापले जातात! आत दाब वाढतो, बोटांच्या बारीक धमन्यांत गुठळ्या होतात आणि घोट्याशी नाडी लागत असूनही बोट काळं पडतं.

अशा पुवात अँटिबायोटिक पुरेसं पोचत नाही. बारीक चीर देऊनही भागत नाही. सर्जन कप्पा लांबवर उघडतात, पोटरीकडून दाबत पू कुठवर चढलाय ते पाहतात, मेलेल्या कंडरा आणि सडलेलं हाड काढतात. टाके न घालता जखम उघडी ठेवतात आणि गरज पडल्यास एक-दोन दिवसांत पुन्हा साफ करतात. ‘बोट कापलं आणि पाय गेला’ असं म्हणतात, तेव्हा पू बहुधा आधीच वर पोचलेला असतो.

पायाची नाडी लागत नसेल, म्हणजे रक्तपुरवठा कमी असेल, तरी पू आधीच काढायचा. मग लगेच पायाच्या धमन्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास आणि बोट किंवा पाय कुठून कापायचं याचा अंतिम निर्णय त्यानंतर. इथे घोट्याच्या रक्तदाबावर विसंबून चालत नाही. मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसतं, रक्तदाब मोजायच्या पट्ट्याने त्या दबत नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो. पायाच्या अंगठ्याच्या धमन्या सहसा त्यातून सुटतात, म्हणून दाब तिथे मोजतात.