क्विनीनची खतावणी

तापावर काय द्यावे, हे वैद्यकाच्या पुस्तकात असते. काय खपले, कोणाला परवडले आणि कोणाची उधारी बुडाली, हे औषधाच्या दुकानाच्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत असते. वैद्यकाचा आणि व्यापाराचा इतिहास एकत्र अभ्यासणारा माणूस या दुसऱ्या कागदावर जगतो. व्यवसायाच्या इतिहासाचे अध्यासन हार्वर्डला १९२७ मध्ये एन. एस. बी. ग्रास यांच्याकडे आले, जॉन्स हॉपकिन्सला वैद्यकाच्या इतिहासाची संस्था १९२९ मध्ये निघाली. दोन्ही विद्या जवळपास एका वयाच्या, पण एकमेकींच्या घरी येणे-जाणे बेताचेच. आपल्याकडे प्रफुल्लचंद्र राय यांनी मात्र रसायनशास्त्राचा इतिहासही लिहिला आणि बेंगाल केमिकल ही औषधांची कंपनीही उभी केली.

जुन्या नाशकातल्या वाड्याच्या माळ्यावर अशी चोपडी सापडली, तर ती लगेच उघडू नये. आधी मऊ ब्रशने धूळ झाडावी आणि कसर वा वाळवी लागली आहे का ते पाहावे. बोट ओले करून पान उलटायची सवय इथे घातक ठरते, कारण काजळीची शाई शतकभर फिकी पडत नाही, पण पाण्याने पसरते. हिराकसाच्या, म्हणजे लोहाच्या क्षाराच्या, शाईची तऱ्हा उलटी. ती पाण्याला दाद देत नाही, पण कागद खाते आणि अक्षराच्या जागी भोक उरते. सराफ बाजारात गोदेचे पाणी शिरते. तिथली भिजलेली वही उन्हात टाकली की पाने वाकतात आणि चिकटतात. पानांमध्ये टीपकागद घालून, तो बदलत, सावलीत पंख्याखाली वाळवावी. फाटल्या जागी चिकटपट्टी कधीच नाही.

वाचनातला पहिला अडसर मोडीचा. शब्द सलग लिहिलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. औषधांची इंग्रजी नावे कारकुनाने कानाला ऐकू आली तशी उतरवलेली, म्हणून ती मोठ्याने वाचावीत, बरीच तिथेच सुटतात. दुसरा अडसर तारखेचा. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण १ जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९ मिळवावे लागतात. त्यात नवी वही उघडते दिवाळीच्या पाडव्याला, तर शक बदलतो चैत्रात, त्यामुळे एकाच चोपडीत दोन शक येतात. कव्हरावरचा शक सगळ्या नोंदींना लावला की निम्मे वर्ष चुकते.

रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पावली, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयाचे १६ आणे, आण्याचे १२ पै, हा हिशेब १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंतचा.

खरी फसगत वजनात होते. सरकारी तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. औंस मात्र दोन. जुना औषधी औंस ४८० ग्रेनचा आणि बाजारी औंस ४३७.५ ग्रेनचा. ब्रिटिश फार्माकोपियाने, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथाने, १८६४ मध्ये बाजारी औंस स्वीकारला, तरी ६० ग्रेनचा ड्रॅम हातातून सुटला नाही. आवक बाजारी औंसाने आणि विक्री आठ ड्रॅमच्या औंसाने मोजली, तर दर औंसाला ४२.५ ग्रेनचा फरक पडतो. हे न ओळखणारा अभ्यासक दुकानदाराला मापात पाप करणारा ठरवून मोकळा होतो.

एवढे जमले की आकडे बोलतात, पण कधीकधी खोटेही. क्विनीनची विक्री घटली म्हणजे हिवताप घटला, असे नाही. बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कचेरीत पैशाला क्विनीनची पुडी मिळू लागली, पुढे इतर प्रांतांतही. गिऱ्हाईक पोस्टात गेले असेल. म्हणून शेजारचे खातेही पाहायचे. चिरायता, गुळवेल या तापावरच्या देशी औषधांची विक्रीही घटली का? उधारी वाढली का? भाद्रपद-आश्विन शके १८४० ची पाने तर अवश्य उघडावीत. मुंबई इलाख्यात इन्फ्लुएन्झाची मोठी लाट सप्टेंबर-ऑक्टोबर १९१८ मध्ये आली. त्या काळातल्या कोऱ्या पानांचाही अर्थ लावावा लागतो. माल संपला की लिहिणारा आजारी पडला, हे आवकीच्या बिलांवरून ताडता येते.

छापील बिले आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या म्हणूनच फेकू नयेत. ‘टॅब्लॉइड’ हे बरोज वेलकम कंपनीने १८८४ मध्ये नोंदवलेले नाव, दाबून केलेल्या गोळ्यांसाठीचे. कीर्दीत ते दिसले तरी माल त्याच कंपनीचा असेल असे नाही, लोक कुठल्याही गोळीला तेच म्हणू लागले होते. बिल जुळले तरच नोंद धरावी. ही कंपनी १९९५ मध्ये ग्लॅक्सोत विलीन झाली, आणि ग्लॅक्सोचा, म्हणजे आताच्या जीएसकेचा, कारखाना नाशिकच्या अंबडमध्ये आहे.