इस्रायलमधील अरब नागरिक

1948 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर इस्रायलच्या सीमेच्या आत उरलेल्या पॅलेस्टिनी अरबांचा आणि त्यांच्या वंशजांचा हा समाज. युद्धात सात लाखांच्या आसपास अरब परागंदा झाले. मागे राहिले ते दीड लाखाच्या घरात. आज देशाच्या लोकसंख्येत अरबांचे प्रमाण सुमारे 21 टक्के धरले जाते. मात्र पूर्व जेरुसलेमचे अरब रहिवासीही त्याच आकड्यात मोजलेले असतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांकडे केवळ कायम वास्तव्याचा परवाना आहे, नागरिकत्व नाही. समाजात सुन्नी मुसलमान बहुसंख्य असून ख्रिस्ती व द्रुझ (इस्लामी परंपरेतून निघालेला स्वतंत्र धर्मपंथ) हे अल्पसंख्य गट आहेत. नाझारेथसह गॅलिलीचा डोंगराळ मुलूख, उम्म अल-फहमपासून कफर कासिमपर्यंतचा ‘त्रिकोण’ आणि दक्षिणेतील नेगेवचे वाळवंट हे वस्तीचे मुख्य भाग आहेत. हैफा, अक्को, लोद, रामला व जाफा येथे अरब व ज्यू एकाच शहरात राहतात. सरकारी कागदांत ‘इस्रायली अरब’ असा उल्लेख असला, तरी अनेक जण स्वतःला पॅलेस्टिनी म्हणवतात, आणि सीमेपलीकडचे पॅलेस्टिनी त्यांना ‘अठ्ठेचाळीसचे अरब’ म्हणतात.

14 मे 1948 च्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्रात धर्म, वंश किंवा लिंग यांवरून भेद न करता सर्व रहिवाशांना सामाजिक व राजकीय हक्कांची पूर्ण समानता देण्याचे वचन आहे. जानेवारी 1949 च्या पहिल्या निवडणुकीत अरबांनी मतदान केले आणि अरब प्रतिनिधी संसदेत, म्हणजे क्नेसेटमध्ये, गेलेही. परंतु ज्यांना मत होते त्याच लोकांना शेजारच्या गावी जायचे असल्यास लष्करी अधिकाऱ्याचा परवाना काढावा लागे. अरब वस्त्यांवरील ही लष्करी राजवट डिसेंबर 1966 मध्ये उठली. तिच्या काळातील सर्वांत भीषण घटना कफर कासिमची आहे. 29 ऑक्टोबर 1956 रोजी, इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पावरील इस्रायली चढाईच्या दिवशी, गावात संध्याकाळी पाचपासून संचारबंदी लागू झाली आणि तिची वर्दी मुखत्याराला, म्हणजे गावप्रमुखाला, जेमतेम अर्धा तास आधी मिळाली. शेतात व खाणींवर कामाला गेलेली माणसे तोपर्यंत परतलेली नव्हती. सायकलींवरून, गाड्यांमधून नेहमीसारखी घरी येत असताना सीमा पोलिसांनी गावाच्या वेशीवर त्यांना थांबवून गोळ्या घातल्या. 49 जण मारले गेले. त्यांत बायका होत्या, मुलेही होती. उघडउघड बेकायदा असलेला हुकूम सैनिकाने पाळता कामा नये, हे तत्त्व इस्रायली न्यायालयाने याच खटल्यात ठरवले, आणि ते आजही तेथील लष्करी कायद्याचा आधार आहे. शिक्षा झालेले आरोपी मात्र 1960 पर्यंत सुटले होते.

या समाजाच्या स्थितीचे मर्म मतपेटीपेक्षा जमिनीत अधिक स्पष्ट दिसते. 1950 च्या ‘अनुपस्थितांच्या मालमत्तेच्या’ कायद्याने युद्धात घर सोडून गेलेल्यांची मालमत्ता सरकारी ताब्यात गेली. त्यात देशातच, पाच-दहा मैलांवर आसरा घेतलेले नागरिकही सापडले आणि त्यांना ‘हजर असलेले गैरहजर’ हे विलक्षण नाव पडले. लेबनॉनच्या सीमेजवळील इक्रित या ख्रिस्ती गावातील लोकांना नोव्हेंबर 1948 मध्ये दोन आठवड्यांसाठी म्हणून हलवण्यात आले. त्यांना परत जाऊ द्यावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 1951 मध्ये दिला. त्याच वर्षीच्या नाताळात लष्कराने गावातील घरे सुरुंगांनी उडवून दिली. चर्च तेवढे उभे आहे. 1970 च्या दशकापासून इक्रितकरांना गावच्या दफनभूमीत पुरता येते, म्हणजे तेथे घर बांधायला बंदी आहे, पण मेल्यावर परतायला नाही. गॅलिलीतील जमिनी ताब्यात घेण्याच्या सरकारी निर्णयाविरुद्ध 30 मार्च 1976 रोजी सार्वत्रिक संप झाला, त्यात सहा जण मारले गेले आणि तेव्हापासून ती तारीख ‘भूमिदिन’ म्हणून पाळली जाते.

1950 च्या ‘परतण्याच्या कायद्या’ने जगातील कोणत्याही ज्यू व्यक्तीला इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला. कोकणातून गेलेले मराठी भाषक ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, याच कायद्याखाली आले आणि त्यांच्यातील बरेच जण लोद व रामला येथे वसले. याच दोन शहरांतून जुलै 1948 मध्ये हाकलल्या गेलेल्या अरब कुटुंबांना तसा हक्क नाही. बेने इस्रायलांनाही विवाहासाठी ज्यू म्हणून पूर्ण मान्यता मिळवताना 1964 पर्यंत धर्मपीठाशी झगडावे लागले, हे मराठी वाचकाने येथे आठवावे. तरीही त्यांच्या झगड्याला दार होते आणि अरबांसमोर भिंत होती.

नागरिकत्व आणि राष्ट्रीयत्व या इस्रायलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकसंख्येच्या नोंदवहीत ‘ज्यू’, ‘अरब’, ‘द्रुझ’ अशी राष्ट्रीयत्वे असतात, आणि ‘इस्रायली’ असे राष्ट्रीयत्व नोंदवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये अमान्य केली. जुलै 2018 मध्ये 62 विरुद्ध 55 मतांनी संमत झालेल्या राष्ट्र-राज्यविषयक मूलभूत कायद्याने देशातील राष्ट्रीय आत्मनिर्णयाचा हक्क केवळ ज्यू लोकांचा ठरवला, तर अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा जाऊन तिला ‘विशेष दर्जा’ मिळाला. 1956 पासून सक्तीची लष्करी सेवा बजावणाऱ्या द्रुझ समाजाला हा कायदा फार जिव्हारी लागला आणि त्यांनी तेल अवीवमध्ये प्रचंड निदर्शने केली. 2021 मध्ये न्यायालयाने तो दहा विरुद्ध एक मताने कायम ठेवला. विरोधी मत जॉर्ज कर्रा या एकमेव अरब न्यायाधीशांचे होते.

व्यक्ती म्हणून वर चढण्याच्या वाटा मात्र खुल्या आहेत आणि त्यांवरून पुष्कळ जण गेले आहेत. सलीम जुब्रान हे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कायम अरब न्यायाधीश झाले. अरब पक्षांच्या संयुक्त यादीने 2020 मध्ये 15 जागा जिंकल्या, आणि 2021 मध्ये मन्सूर अब्बास यांचा पक्ष सत्ताधारी आघाडीत सामील झाला. स्वतंत्र अरब पक्षाने असे करण्याची ती पहिलीच वेळ होती. रुग्णालयांत डॉक्टर, परिचारिका आणि विशेषतः औषधनिर्माते म्हणून अरबांचा वाटा मोठा आहे. डिसेंबर 2015 च्या 922 क्रमांकाच्या सरकारी ठरावाने अरब वस्त्यांसाठी अब्जावधी शेकेलची पंचवार्षिक तरतूदही केली. तरीही दारिद्र्याचे प्रमाण ज्यू समाजापेक्षा बरेच जास्त आहे. मूळच्या भटक्या बेदुइन अरबांसाठी वसवलेली गावे सोडल्यास 1948 नंतर नवे अरब गाव वसलेले नाही. त्यामुळे जुन्या गावांत दाटी होते, बांधकामाचा परवाना मिळत नाही, विनापरवाना घर उभे राहते आणि पाडले जाते. अलीकडे टोळ्यांच्या हिंसाचाराने समाज पोखरला असून 2023 मध्ये 230 हून अधिक अरब खुनांत बळी पडले. आमच्या वस्तीतल्या बेकायदा बंदुकांकडे पोलीस लक्ष देत नाहीत, ही घरोघरची तक्रार आहे.

नेगेवमधील मान्यता नसलेल्या गावांची अवस्था सर्वांत बिकट आहे. नकाशात गाव नसल्याने वीज आणि नळाचे पाणी नाही. अल-अराकिब हे गाव 2010 पासून दोनशेहून अधिक वेळा पाडले गेले आणि दर वेळी रहिवाशांनी पुन्हा झोपड्या उभ्या केल्या. 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यात बेदुइन नागरिकही मारले गेले आणि ओलीसही धरले गेले. त्या दिवशी रॉकेटचा मारा सुरू झाला तेव्हा या गावांत लपण्यासाठी सार्वजनिक निवारे नव्हते. पत्र्याच्या घरांत मुलेही दगावली.