डेकनेट कॉन्फिगरेशन फायलींचे स्थलांतर

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या (डेक) व्हॅक्स संगणकांवर व्हीएमएस या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती बसवताना, किंवा जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर जाताना, डेकनेट या जाळ्याच्या नोंदी नव्या प्रणालीत आणण्याची प्रक्रिया. व्हॅक्स-११/७८० आणि व्हीएमएस यांची घोषणा १९७७ मध्ये झाली. हे यंत्र ‘मिनी’ म्हणावे की ‘सुपरमिनी’, याबाबत एकवाक्यता नाही. प्रस्तुत नोंदीत ते डेकच्याच आधीच्या पीडीपी-११ या संगणकाच्या वंशातील मिनीसंगणक मानले आहे.

कालनिश्चिती : डेकनेटची वाटचाल ‘टप्प्यां’नी सांगितली जाते, मात्र टप्प्यांची वर्षे संदर्भागणिक बदलतात. पहिल्या टप्प्यासाठी कोठे १९७४, तर कोठे १९७५ हे वर्ष आढळते. दुसरा टप्पा काहींच्या मते १९७५ चा, तर काही तो १९७८ पर्यंत पुढे नेतात. तिसऱ्या टप्प्याबाबत (१९८०) फारसा वाद नाही. चौथा टप्पा सामान्यतः १९८२ चा आणि पाचवा १९८७ चा मानतात. मतभेदाचे मूळ बहुधा मोजणीच्या पद्धतीत आहे. काही लेखक आराखडा जाहीर झाल्याचे वर्ष धरतात, तर काही उत्पादन ग्राहकांच्या हाती पडल्याचे. पाचव्या टप्प्याची पूर्ण उत्पादने नव्वदीच्या दशकाच्या आरंभीच मिळू लागली, यावरून ही तफावत किती मोठी होऊ शकते ते दिसते. स्थलांतराच्या अभ्यासात दुसरी पद्धत अधिक उपयुक्त वाटते, कारण फाइल जन्मते ती उत्पादनाबरोबर. आराखड्यात फक्त तिची शक्यता असते.

फायलींचे स्वरूप : चौथ्या टप्प्यात डेकनेटच्या नोंदी दोन ठिकाणी असतात. चालू प्रणालीच्या स्मृतीतील नोंदी अस्थायी असतात व यंत्र बंद होताच पुसल्या जातात. स्थायी नोंदी डिस्कवरील फायलींत राहतात. एनसीपी या व्यवस्थापन साधनातील ‘सेट’ आज्ञा अस्थायी नोंद बदलते, ‘डिफाइन’ आज्ञा स्थायी. नव्या प्रणालीवर केवळ ‘सेट’ वापरल्यास जाळे चालू होते. परंतु यंत्र पुन्हा सुरू केल्यावर त्या नोंदी उरत नाहीत.

स्थायी फायलींत नेटनोड_लोकल.डॅट ही यंत्राच्या स्वतःच्या नोंदीची, नेटनोड_रिमोट.डॅट इतर नोडांची (नोड म्हणजे जाळ्यातील एक यंत्र), नेटलाइन.डॅट व नेटसर्क.डॅट अनुक्रमे लाइन (प्रत्यक्ष जोडणी) व सर्किट (तिच्यावरून जाणारा संदेशमार्ग) यांची आणि नेटऑब्जेक्ट.डॅट जाळ्यावरील सेवांची. पहिल्या दोन वेगळ्या असण्याचे कारण व्हॅक्सक्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या व्हॅक्स यंत्रांच्या गटात, आहे. अनेक यंत्रे एकच प्रणाली-डिस्क वापरत असताना इतर नोडांची यादी सर्वांना सामाईक ठेवता येते, स्वतःचा पत्ता मात्र प्रत्येकाचा निराळाच हवा. फाइलींची सरसकट नक्कल करणाऱ्याने हा भेद विसरल्यास दोन यंत्रे एकच पत्ता सांगू लागतात.

पत्त्यांचा प्रश्न : तिसऱ्या टप्प्यात जाळ्यात जास्तीत जास्त २५५ नोड असू शकत व पत्ता म्हणजे एक साधा अंक असे. चौथ्या टप्प्याने १६ बिटांचा पत्ता आणला : ६ बिट क्षेत्रासाठी (नोडांचा गट), १० बिट नोडसाठी. त्यामुळे ६३ क्षेत्रे आणि प्रत्येकात १०२३ नोड शक्य झाले. जुन्या यादीतील १३ हा नोड क्षेत्र १ मध्ये घेतला की १.१३ होतो. इथरनेटवर या पत्त्याला आणखी महत्त्व आहे, कारण डेकनेट सुरू होताना जोडणी-कार्डाचा मूळ पत्ता बाजूला सारून नोडच्या पत्त्यावरून नवा पत्ता बसवते. क्षेत्रांकाला १०२४ ने गुणून नोडांक मिळवायचा : १ × १०२४ + १३ = १०३७. सोळा-आधारी पद्धतीत हे ०४०डी. दोन बाइटांची अदलाबदल करून इथरनेट पत्ता एए-००-०४-००-०डी-०४ असा येतो. म्हणून क्षेत्र बदलले की इथरनेट पत्ताही बदलतो, आणि इथरनेट पत्त्यावर विसंबलेली इतर व्यवस्था त्याबरोबर तपासावी लागते.

एका टप्प्याची प्रणाली लगतच्या आधीच्या टप्प्याशी बोलू शकते, त्याहून मागच्याशी नाही. त्यामुळे तिसऱ्या टप्प्यातील यंत्रे शिल्लक असताना पाचव्या टप्प्याकडे एका उडीत जाता येत नाही. मोठ्या जाळ्यांत ६३ क्षेत्रेही अपुरी पडली. नासाचे स्पॅन आणि उच्च ऊर्जा भौतिकीचे हेपनेट या जाळ्यांच्या परिसरात ‘छुपी क्षेत्रे’, म्हणजे बाहेरून न दिसणारे व अनेक ठिकाणी पुन्हा वापरलेले क्षेत्रांक, वापरावी लागली. अशा ठिकाणची यादी दुसरीकडे जशीच्या तशी नेणे धोक्याचे ठरते.

पद्धत : फाइल उचलून नेण्यापेक्षा नोंदी नव्याने उभ्या करणे हा मार्ग अधिक ग्राह्य मानावा. नोडांची यादी ‘कॉपी नोन नोड्स’ या आज्ञेने जाळ्यावरूनच दुसऱ्या यंत्राकडून घेता येते. ती नावे व पत्ते आणते, यंत्राची स्वतःची नोंद नाही. ती नोंद नेटकॉन्फिग.कॉम या आज्ञावलीने तयार करतात. लाइन व सर्किटांची नावे जोडणी-उपकरणावरून ठरतात : डीईयूएनए या इथरनेट कार्डाची लाइन यूएनए-०, नव्या यंत्रावर ती बीएनए-० असू शकते. जुन्या नावाच्या नोंदी तशाच राहिल्या तर सुरुवातीलाच त्रुटीसंदेश येतात.

व्हीएमएसच्या आवृत्ती ५ (१९८८) वर जाताना दोन गोष्टी आडव्या येत. पहिली, यंत्र सुरू होताना चालणाऱ्या सिस्टार्टअप.कॉम या आज्ञावलीचे नाव सिस्टार्टअप_व्ही५.कॉम झाले. जाळे सुरू करणाऱ्या स्टार्टनेट.कॉमला हाक देणारी ओळ नव्या फाइलीत उतरवली नाही, तर सर्व नोंदी बिनचूक असूनही जाळे सुरू होत नसे. दुसरी, परवाना-व्यवस्था आली. मार्गनिर्देशन करणाऱ्या (इतरांचे संदेश पुढे धाडणाऱ्या) यंत्राला डीव्हीनेटआरटीजी हा परवाना लागे, टोकाच्या यंत्राला डीव्हीनेटएंड पुरे होई.

प्रवेशाधिकार : यंत्राच्या नोंदीत ‘डेकनेट’ या सर्वसामान्य खात्याचे नाव व संकेतशब्द साठवलेला असे, आणि तो वापरकर्त्यांच्या सिसयूएएफ.डॅट या फाइलीशी जुळावा लागे. एकच फाइल नेल्यास दूरस्थ यंत्राला ‘लॉगइनची माहिती अग्राह्य’ असे उत्तर मिळते. याउलट दोन्ही फायली न तपासता नेल्या की जुने ढिले अधिकारही नव्या यंत्रावर येतात. डिसेंबर १९८८ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १९८९ मध्ये डेकनेटवर वर्म (स्वतःच्या प्रती काढत यंत्रायंत्रांत शिरणारे प्रोग्राम) पसरले; दुसऱ्याचे नाव ‘वँक’. वापरकर्त्याच्या नावाइतकेच सोपे संकेतशब्द आणि हे सर्वसामान्य खाते यांचा वँकने फायदा घेतला. पुढे नेटकॉन्फिगने प्रत्येक सेवेसाठी स्वतंत्र खाते देण्याची सोय केली. स्थलांतर करताना हाच मार्ग निवडावा. जुने सर्वसामान्य खाते केवळ सवयीने पुढे नेण्याचे समर्थन करता येत नाही.

पाचवा टप्पा : येथे एनसीपीऐवजी एनसीएल हे व्यवस्थापन साधन आले आणि नोंदी आज्ञावलींच्या मजकूर-फायलींत गेल्या. नेट$कॉन्फिगर.कॉम त्या तयार करते. सहा अक्षरांची नोडनावे समानार्थी नाव म्हणून टिकली, पण पूर्ण नाव वेगळे झाले. त्यामुळे नोडनावावर आधारलेल्या प्रॉक्सी नोंदी (दूरच्या यंत्रावरील वापरकर्त्याला संकेतशब्दाविना प्रवेश देणाऱ्या) तपासणे आवश्यक ठरते.

डेक १९९८ मध्ये कॉम्पॅककडे, २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीकडे गेले. २०१४ पासून ओपनव्हीएमएसचा पुढील विकास व्हीएमएस सॉफ्टवेअर इन्कॉर्पोरेटेड करते. x८६ यंत्रांसाठीची ९.२ ही आवृत्ती २०२२ मध्ये आली.