एकाच मृत्यूचे तीन हिशेब

‘धिस इज अस’ ही अमेरिकी मालिका एनबीसी वाहिनीवर २०१६ ते २०२२ या काळात सहा पर्वांत प्रसारित झाली. तिच्या कथानकाच्या मुळाशी एक आग आहे. १९९८ सालच्या जानेवारीतील एका रात्री पिट्सबर्गमधील पिअर्सन कुटुंबाच्या स्वयंपाकघरात, बटण बिघडलेल्या एका जुन्या विजेच्या भांड्यामुळे आग लागते. धुराचा इशारा देणाऱ्या यंत्रात बॅटरीच नसते. वडील जॅक घरातल्या सगळ्यांना बाहेर काढतात, कुत्र्यासाठी पुन्हा आत जातात, त्याला घेऊन चालत बाहेरही येतात आणि काही तासांनी, श्वासात गेलेल्या धुरामुळे, रुग्णालयात हृदय बंद पडून त्यांचा मृत्यू होतो. केविन, केट आणि रँडल ही तिन्ही भावंडे तेव्हा १७ वर्षांची असतात.

मृत्यू एक, पण अपराधाचे हिशेब तीन. कुत्र्यासाठी आपला जीव कळवळला म्हणून वडील आत गेले, असे केटचे गणित आहे. केविन घरच्यांशी भांडून मैत्रिणीकडे गेलेला होता. त्यामुळे त्या रात्री आपण घरी नव्हतो आणि वडिलांशी अखेरचे नीट बोललोही नाही, ही टोचणी त्याला आहे. रँडल मात्र तिथेच उभा होता, आणि आपण वडिलांना अडवले का नाही, हा त्याचा प्रश्न आहे. मला या मालिकेत सर्वांत लक्षणीय वाटते ते हे, की ही कबुली पडद्यावर आपल्या कानी पडते तेव्हा ऐकणारे भावंड नसते. केट ती होणाऱ्या नवऱ्याला सांगते, केविन वीस वर्षांनी वडिलांच्या आठवणीशी जोडलेल्या एका झाडापुढे उभा राहून बोलतो आणि रँडल मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत. ज्यांनी ते दिवस बरोबरीने काढले ते दोघे सोडून इतरांना हिशेब दाखवला जातो. लेखकांनी हे जाणूनबुजून केले असो वा नसो, अपराधभावाविषयी मानसशास्त्राने गेल्या पन्नासएक वर्षांत जे शोधले त्याच्याशी ते चांगलेच जुळते.

सांगलीकर वाचकाला आगीपेक्षा पाण्याचे उदाहरण लवकर पटेल. २००५ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५३ फुटांच्या वर गेली होती, आणि तेव्हापासून नदीकाठच्या अनेक घरांत भिंतीवरची तीच खूण माप म्हणून वापरली जाऊ लागली: पाच सालाला जिथवर पाणी आले, त्याच्या वर येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तीच पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली; धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आता गावभागातले एक घर मनाशी धरू. ते कुणा एकाचे नाही, पण अनोळखीही वाटणार नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील, आई, तळमजल्यावरचे किराणा दुकान सांभाळणारा थोरला, पुण्यात नोकरी करणारा धाकटा आणि विट्याला दिलेली मधली बहीण. बहीण नागपंचमीला, म्हणजे ५ ऑगस्टला, माहेरी आली होती; जाताना ती वडिलांना म्हणाली, ‘चला माझ्याबरोबर चार दिवस’, ते नाही म्हणाले आणि तिने ताणले नाही. थोरल्याने माल फळीवर चढवला आणि पाच सालच्या खुणेवर विसंबून मुक्काम हलवला नाही. धाकटा त्याआधीच्या शनिवार-रविवारी येणार होता, पण पुढच्या आठवड्यावर ढकलले आणि पुढच्या आठवड्यात रस्तेच बंद झाले. वडिलांना वरच्या मजल्यावरून बोटीत उतरवावे लागले. ते वाचले, पण खंगले, आणि दोन महिन्यांनी मिरजेत न्यूमोनियाने गेले.

इथेही तीन हिशेब तयार होतात, आणि तिन्ही ‘मी जर’ या दोन शब्दांनी सुरू होतात.

डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९८२ मध्ये मांडलेले एक उदाहरण या ‘मी जर’वर प्रकाश टाकते. दोन प्रवासी एकाच मोटारीतून विमानतळावर अर्धा तास उशिरा पोहोचतात. एकाचे विमान वेळेवर गेलेले असते. दुसऱ्याचे उशिरा सुटल्यामुळे अवघ्या पाच मिनिटांपूर्वी गेलेले असते. अधिक हळहळ कुणाला वाटेल, असे विचारल्यावर ९६ टक्के लोकांनी दुसऱ्याचे नाव घेतले. नुकसान दोघांचे सारखेच, पण जिथे वेगळा शेवट हाताशी होता असे वाटते तिथे मन पुन्हा पुन्हा जाते आणि घडलेले मनातल्या मनात दुरुस्त करू लागते. या दुरुस्तीसाठी ते सहसा अशीच गोष्ट निवडते जी आपल्या हातात होती. कोयनेतून किती विसर्ग झाला, अलमट्टीत पाणी किती अडले, यावर सांगलीत आजही वाद झडतात. परंतु रात्री झोप लागत नाही तेव्हा कुणी धरणाचे दरवाजे बदलून पाहत नाही, ‘मी जर हट्ट धरला असता’ हेच बदलून पाहतो. पिअर्सन कुटुंबात बिघडलेल्या बटणावर कुणी रागावत नाही, ते याच कारणाने.

त्यात भर पडते ती पश्चातबुद्धीची. बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाचे वर्णन वाचायला दिले होते. काहींना शेवट सांगितला नाही, तर इतरांच्या गटागटाला निरनिराळा शेवट ‘हाच घडला’ म्हणून सांगितला आणि मग तो शेवट आधी किती संभवनीय होता हे ठरवायला सांगितले. ज्याला जो शेवट सांगितला होता, तो त्याला आधीपासूनच अधिक संभवनीय वाटला. आपला अंदाज सांगितलेल्या शेवटामुळे सरकला आहे, याची जाणीव मात्र नव्हती. आज ‘५७ फूट’ हा आकडा ठाऊक असलेल्या थोरल्याला ४ ऑगस्टचे स्वतःचे अज्ञान आठवतच नाही. आपल्याला कळायला हवे होते, असे त्याला वाटते, आणि कळायला हवे होते व कळले होते यांतले अंतर वर्षागणिक पुसट होत जाते.

आपल्या भाषेने या मनःस्थितीच्या छटा फार बारकाईने वेगळ्या केल्या आहेत. चुटपुट दिवसभर पुरते, रुखरुख काही आठवडे, खंत टिकते आणि सल मुरतो. ‘तोंड दाखवायला जागा उरली नाही’ ही तक्रार मात्र निराळ्या जातीची आहे. हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये जो भेद मांडला आणि पुढे जून टँग्नी यांनी प्रयोगांनी तपासला, तो हाच: अपराधभावात ‘मी हे वाईट केले’ असे वाटते, शरमेत ‘मी वाईट आहे’ असे वाटते. टँग्नी यांच्या अभ्यासांत दिसले की अपराधभावाने माणूस चूक भरून काढायला पुढे सरकतो, तर शरमेने लपतो किंवा उलटून चिडतो. सणाला घरी येणे टाळणारा पुण्याचा धाकटा आणि विषय निघताच खेकसणारा थोरला यांना आपण एक बेफिकीर, एक तापट म्हणून मोकळे होतो. दोघांचाही अपराधभाव शरमेत उतरला असेल, ही शक्यता तपासायला हवी.

रॉय बाउमायस्टर, आर्लीन स्टिलवेल आणि टॉड हेदरटन यांनी १९९४ मध्ये असे प्रतिपादन केले की अपराधभाव ही मुळात नात्यांमधली भावना आहे. तो जवळच्या माणसांबाबतच तीव्र असतो आणि त्याचे काम नाते सांधण्याकडे ढकलणे हे आहे. या दृष्टीने पाहिले तर वडिलांच्या मृत्यूनंतरची अडचण स्पष्ट होते. सांधण्याची ओढ कायम आहे, पण ज्याच्याशी सांधायचे तो माणूस नाही. ती ओढ मग वर्षश्राद्धाच्या थाटात किंवा तसबिरीच्या हारात वाट शोधते. भावंडांकडे ती सहज वळत नाही, कारण तिथे कबुली दिली तर ‘हो, तुझ्यामुळेच’ असे उत्तर येईल, ही भीती असते.

शिवाय प्रत्येकाला वाटते की आपले आत काय चालले आहे ते दुसऱ्याला दिसतेच. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला प्रयोग घरी करून पाहण्याजोगा आहे. काहींनी परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि इतरांनी गाणे ओळखायचे. निम्म्या वेळा तरी ओळखले जाईल, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल सुरू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. गणपतीची आरती सर्वांना पाठ असते, तरी तिचा नुसता ठेका धरून पाहा. बहिणीने दर महिन्याला आईच्या नावाने पैसे पाठवणे हे तिच्या मनात क्षमायाचनेचे पूर्ण गाणे असते; थोरल्याला त्यात ‘तुला जमत नाही म्हणून मी पाठवते’ एवढीच टकटक ऐकू येते.

आपल्याकडे या टकटकीसाठी मध्यस्थही ठरलेला असतो. ‘दादाच्या कानावर घाल’, ‘ताईला म्हणावं फोन कर’ असे निरोप आईमार्फत फिरतात. दोघांमधला ताण तिसऱ्याला ओढून सैल करण्याच्या या रीतीला कुटुंबोपचाराचे एक प्रवर्तक मरे बोएन यांनी त्रिकोण म्हटले आहे. त्याने ताण तात्पुरता निवळतो, पण मूळ दोघांचे बोलणे लांबतच जाते. अबोला धरलेल्या घरातही भाऊबीजेचे ओवाळणे चुकत नाही, ही आपली सोय मला मोलाची वाटते. ताट, निरांजन, ओवाळणीचे पाकीट यांमुळे एकही अवघड वाक्य न बोलता नाते चालू राहते. सोय म्हणून ठीक, परंतु तिच्यामुळेच वर्षानुवर्षे अवघड वाक्य बोलावे लागत नाही.

न बोललेला हिशेब एका जागी राहत नाही, हे मालिकेच्या चौथ्या पर्वात फार नेमके दाखवले आहे. रँडल मानसोपचारतज्ज्ञापुढे वडिलांना अडवल्याची कल्पना करतो: आधी सर्व छान झाल्याची, मग, त्या तज्ज्ञबाईंच्या सांगण्यावरून, सर्व बिघडल्याची. ‘मी जर’च्या पुढचा रस्ता सरळच गेला असता याची खात्री नाही, हे त्याला दिसते, पण लगेच तो आईला फोन करून स्मृतिभ्रंशावरील औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याची गळ घालतो. एका पालकाला वाचवता आले नाही, म्हणून दुसऱ्याला वाचवायचेच. केविनचा चाचणीला विरोध असतो आणि पर्वाच्या अखेरीस दोघे एकमेकांना जे बोलतात ते ऐकवत नाही. वरवर वाद उपचाराचा आहे, आणि उपचाराविषयी दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आपल्याकडे ‘मिरजेतच दाखवायचे की पुण्याला न्यायचे’ या वादात जेव्हा आवाज चढतात, तेव्हा डॉक्टरांपुढे उभा राहिलेला प्रश्न बहुधा मागच्या आजारपणातला असतो.

पाचव्या पर्वात केविन रँडलच्या घरी जातो. रँडल हा दत्तक, गोऱ्या कुटुंबात वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा. त्याला लहानपणी काय सोसावे लागले ते आपण पाहिलेच नाही, हे केविन मान्य करतो. रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये क्षमायाचनेचे सहा घटक वेगळे करून त्यांचे वजन तपासले, तेव्हा ‘चूक माझी होती’ ही स्पष्ट जबाबदारी सर्वांत प्रभावी ठरली, त्यानंतर भरपाईची तयारी. आणि ‘मला माफ कर’ ही विनंती तळाला राहिली. आपल्या रीतीत मोठा भाऊ शब्दांनी माफी मागत नाही, ही अडचण वाटते तेवढी मोठी नसावी, कारण ज्या शब्दाला तो अडखळतो तोच सर्वांत कमी उपयोगाचा आहे.

मात्र बोलण्याचा आग्रह केव्हाही आणि कुणाकडेही धरणे योग्य नाही. आपत्तीनंतर लगेच, एकाच बैठकीत लोकांना सर्व सांगायला लावण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. तिने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसल्यावर ती मागे पडली. ‘तुला काय वाटतं ते सांग’ हा प्रश्नही भावंडांमध्ये क्वचितच चालतो. त्याने थोरला उठून दुकानात जाईल. तपशिलाचे प्रश्न अधिक चालतात, कारण तिघांच्याही हिशेबांत इतरांजवळच्या नोंदी गाळलेल्या असतात.

त्या मनाशी धरलेल्या घरात असे होऊ शकते. दिवाळीत भिंतीला रंग द्यायचा म्हणून सामान हलवले जाते, २०१९ च्या पाण्याची मातकट रेघ उघडी पडते, आणि धाकटा विचारतो, पाणी इथवर किती वाजता आले होते. थोरला म्हणतो, रात्री साडेदहाला. वडील तेव्हा झोपले होते, आणि मी त्यांना संध्याकाळी दोनदा निघू या म्हणालो होतो. बहिणीला हे ‘दोनदा’ ठाऊक नव्हते. वडिलांनी नाही म्हटले ते फक्त आपल्यालाच, असे ती इतकी वर्षे धरून होती. धाकटा सांगतो, मी अकराच्या सुमारास तेरा वेळा फोन लावला. थोरला ब्रश खाली ठेवतो. त्या रात्री वीज नव्हती, मोबाइल बंद पडला होता, आणि पुण्याहून एकही फोन आला नाही, असे त्याच्या हिशेबात लिहिलेले होते.